सालीखालचा वेढा

वृक्ष म्हटला की त्याच्या बुंध्याच्या घेरावरून व भारावरून त्याच्या सामर्थ्याचा अंदाज बांधण्याची आपली रीत आहे; परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर त्या अवाढव्य काष्ठराशीतील बहुतेक पेशी केव्हाच मृत होऊन केवळ आधार देण्याचे व पाणी वर चढविण्याचे काम करीत असतात, आणि वृक्षाचे खरे वाढते जीवित साल व लाकूड यांच्या सांध्यावरील एका अतिशय पातळ थरात एकवटलेले असते. या थरास ऊतककर म्हणतात. आतल्या अंगास नवे लाकूड व बाहेरच्या अंगास नवी अंतरसाल घडविण्याचे काम तो वर्षानुवर्षे करीत असतो, आणि पानांत सिद्ध झालेले अन्न मुळांपर्यंत उतरते ते याच अंतरसालीच्या वाटेने. म्हणूनच नको असलेले झाड तोडण्याचे श्रम वाचवावयाचे असले, म्हणजे अनुभवी शेतकरी त्याच्या बुंध्याची साल चहूबाजूंनी वीतभर कोरून काढतो आणि स्वस्थ बसतो. लाकडास धक्काही लागलेला नसतो, पण मुळे उपाशी पडून झाड आपोआप वाळून जाते.

शेतकऱ्याने कोयत्याने जे उघडपणे करावे, तेच काही जातींची कवके सालीच्या आड राहून गुप्तपणे करतात. एखाद्या मोडलेल्या फांदीच्या टोकातून, किड्याने पाडलेल्या छिद्रातून किंवा बुंध्याला गेलेल्या बारीकशा तडीतून कवकाचे बीजुक आत शिरते, रुजते, आणि त्याचे तंतू अंतरसाल व ऊतककर यांचा फडशा पाडीत आजूबाजूस पसरू लागतात. वरची साल काही काळ जशीच्या तशी दिसते; पुढे ती खचते, तडकते, आणि खालचे मृत लाकूड उघडे पडते. या व्रणालाच कँकर म्हणतात. लिंबाच्या पानाफळांवर खरबरीत ठिपके पाडणारा खैऱ्या रोग आपल्या बागायतदारांच्या चांगल्या परिचयाचा आहे व त्यालाही हेच इंग्रजी नाव आहे. पण तो जीवाणूंचा उद्योग असल्यामुळे त्याची कैफियत निराळी, आणि या प्रकरणाच्या हद्दीबाहेरची.

येथे एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. मनुष्याच्या किंवा पशूच्या अंगावरची जखम भरून येते, म्हणजे मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात. वृक्षाला ही सोय निसर्गाने दिलेली नाही. मेलेला भाग जन्मभर मेलेलाच राहतो; वृक्ष फक्त त्याच्याभोवती राळेची, डिंकाची, कडवट रसायनांनी भरलेल्या पेशींची तटबंदी उभारतो आणि तिच्या बाहेरून नवे लाकूड व नवी साल यांची वळी वाढवीत नेतो. अमेरिकेच्या वनखात्यातील ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे यांत्रिक करवतीने उभी चिरून आतील व्रणांचा इतिहास तपासला, आणि १९७० नंतरच्या दशकात ही तटबंदीची उपपत्ती व्यवस्थित मांडली. तिचा निष्कर्ष असा की व्रणरोगात सारा प्रश्न गतीचा असतो. तट उभारण्याची वृक्षाची गती अधिक असली तर कवक कोंडले जाते. कवकाची गती अधिक असली तर तट पुरा होण्यापूर्वीच ते पुढे निघून जाते आणि शेवटी दोन्ही बाजूंनी येऊन बुंध्यामागे आपल्या दोन्ही टोकांची गाठ घालते.

काही व्रणांत ही शर्यत अनिर्णित राहते. सफरचंदावर व मेपलवर येणाऱ्या नेक्ट्रिया वर्गातील कवकाचा डाव असा की वृक्ष निद्रिस्त असलेल्या थंडीच्या महिन्यांत ते थोडे पुढे सरकते, आणि उन्हाळा येताच वृक्ष जागा होऊन त्याच्यापुढे एक वळी उभी करतो. पुढील थंडीत ती वळी ओलांडली जाते, पुढील उन्हाळ्यात दुसरी उभी राहते, आणि अशी वीस-तीस वर्षे लोटली म्हणजे बुंध्यावर एकात एक अशी वर्तुळे दिसू लागतात. असा वृक्ष विद्रूप होतो, परंतु जगतो. उलट सह्याद्रीच्या अतिवृष्टीच्या पट्ट्यात रबर, फणस इत्यादी झाडांच्या फांद्यांच्या बेचक्यांतून पावसाळ्यात फिकट गुलाबी पापुद्रा धरणारे जे कवक आहे, त्याचा कारभार त्वरेचा आहे. केरळात निलगिरीची मोठाली वनलागवड झाली तेव्हा या पाहुण्या झाडावर ते इतक्या जोमाने तुटून पडले की अतिवृष्टीच्या प्रदेशातील त्या लागवडीचा सारा हिशेबच फिसकटला. बाहेरचे झाड आणि स्थानिक कवक यांची अशी अवचित गाठ पडते, तशीच बाहेरचे कवक आणि स्थानिक झाड यांचीही पडते. आणि या दुसऱ्या प्रकारची जी गाठ विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पडली, तिच्याइतका विनाश दुसऱ्या कोणत्याही व्रणरोगाने केल्याचा दाखला नाही.

अमेरिकन चेस्टनट हा त्या खंडाच्या पूर्वेकडील पर्वतराजीचा जणू वतनदार वृक्ष होता. उत्तरेस मेनपासून दक्षिणेस अलाबामा-मिसिसिपीपर्यंत त्याचा विस्तार असून ॲपलेशियन डोंगरांच्या काही भागांत दर चार रुंदपर्णी झाडांमागे एक झाड त्याचे असे. तो उशिरा, म्हणजे जून-जुलैच्या सुमारास फुलत असल्यामुळे वसंतातील कडाक्याच्या दहिवरातून त्याचा मोहोर वाचे, आणि म्हणून ओकसारखी झाडे एखादे वर्ष हात आखडता घेत, तेथे हा वृक्ष दरसाल भरभरून फळे देई. त्या फळांवर अस्वले, हरणे, रानटर्की पोसत. डोंगरी शेतकरी आपली डुकरे रानात मोकळी सोडून याच फळांवर पुष्ट करीत, आणि उरलेली पोती भरून शहरांकडे धाडीत, जेथे हिवाळ्यात रस्त्यारस्त्यावर ती भाजून विकली जात. लाकूड सरळ, हलके व फाडावयास सोपे, आणि त्यात टॅनिन विपुल असल्याने न कुजणारे. त्यामुळे कुंपणाच्या खांबांपासून तारायंत्राच्या खांबांपर्यंत व रेल्वेच्या स्लीपरांपासून घरांच्या तुळयांपर्यंत सर्वत्र त्याचीच निवड होई, आणि कातडी कमावण्याच्या कारखान्यांना लागणारे टॅनिनही त्याच्याच लाकडातून काढले जाई. त्या डोंगराळ मुलखातील माणूस चेस्टनटच्या पाळण्यात वाढे आणि चेस्टनटच्याच शवपेटीत पुरला जाई, असे तेथे म्हणत. त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती.

१९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील प्राणिसंग्रहालयाच्या आवारात, तेथील मुख्य वनपाल हर्मन मर्केल यांना काही चेस्टनट वृक्षांच्या फांद्या भर उन्हाळ्यात सुकलेल्या आढळल्या, आणि जवळून पाहता सालीवर नारिंगी रंगाचे बारीक पुळ्यांसारखे उठाव दिसले. त्यांनी रोगट फांद्या छाटविल्या आणि मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण फवारविले. नाशिकच्या द्राक्षबागाईतदारांपासून कोकणच्या आंबेवाल्यांपर्यंत आपल्याकडेही घरोघर ठाऊक असलेले हे औषध पानांवरील कवकांवर उत्तम चालते. पण येथे शत्रू सालीच्या खाली होता आणि औषध सालीच्या वर. शेजारच्याच वनस्पतिउद्यानातील विल्यम मरिल या कवकशास्त्रज्ञाने रोगट सालीतून कवक वेगळे काढले, निरोगी रोपांना ते टोचून तोच रोग उत्पन्न करून दाखविला आणि १९०६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे त्याचे शास्त्रीय नाव दोनदा बदलले. हल्ली ते क्रायफोनेक्ट्रिया पॅरासिटिका या नावाने ओळखले जाते.

या कवकाची कार्यपद्धती मोठी निष्ठुर आहे. पंख्याच्या आकाराने पसरणारे त्याचे पिवळट तंतुजाल आपल्यापुढे ऑक्झॅलिक आम्ल सोडीत चालते. त्या आम्लाने सालीतील पेशी आधीच मरतात आणि तंतूंना आयती मेजवानी मिळते. वृक्ष तट उभारू लागतो, पण आम्ल त्याच्या पुढे पोहोचलेले असते. बीजुकांचे दोन प्रकार. एक चिकट, ओलसर हवेत ते सालीवरील नारिंगी पुळ्यांतून पिवळ्या दोऱ्यांच्या वेटोळ्यांसारखे बाहेर पडते आणि पावसाच्या थेंबांबरोबर, किड्यांच्या पायांना व पाखरांच्या पंखांना लागून प्रवास करते. दुसरे बीजुक वाऱ्यावर स्वार होऊन दूरवर जाते. १९१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत रोगट झाडांवर वावरणाऱ्या पक्ष्यांना धुऊन ते पाणी तपासले, तेव्हा एका लहानशा सुतारपक्ष्याच्या अंगावर या कवकाची सात लाखांहून अधिक बीजुके सापडली. ज्या शत्रूला सुतारपक्षी आणि वारा दोघेही वाहनास मिळाले, त्याच्याविरुद्ध जमिनीवर नाकेबंदी करून काय होणार?

तरीही ती करण्यात आली. पेनसिल्व्हेनिया राज्याने १९११ मध्ये खास कायदा करून चेस्टनटरोगाविरुद्ध एक आयोग नेमला, त्यास पावणेतीन लक्ष डॉलर मंजूर केले, आणि खासगी जमिनीत शिरून झाडे तपासण्याचा व रोगट झाडे तोडविण्याचा अधिकारही त्यास दिला. संयुक्त संस्थानांच्या कृषिखात्यातील हेवन मेटकाफ यांची तजवीज अशी होती की रोगाच्या मुख्य हद्दीपुढे जेथे जेथे तुरळक ठिणग्या पडल्या असतील, तेथील झाडे तोडून, साली जाळून त्या वेळीच विझवाव्यात. फेब्रुवारी १९१२ मध्ये हॅरिसबर्ग येथे मोठी परिषद भरली. तीत न्यूयॉर्क राज्याच्या कृषिप्रयोगशाळेतील स्टुअर्ट यांनी मात्र उभे राहून रोखठोक सांगितले की हा उपाय सिद्ध झालेला नाही, आणि असिद्ध उपायावर लोकांचा पैसा उधळण्यापेक्षा स्वस्थ बसणे बरे. काहीतरी करा, असे सर्वांनी म्हणावयाचे ठरविलेल्या सभेत काही करू नका असे म्हणणाऱ्याचे जे व्हावयाचे तेच त्यांचे झाले. पण कवकाने पुढील वर्षभरात स्टुअर्ट यांचीच बाजू खरी ठरविली. आणि १९१३ मध्ये आयोगाचा कारभार आटोपला.

या मोहिमेला हसणे सोपे आहे. माझ्या मते हसण्यासारखी गोष्ट ती नव्हेच. खरी हानी केली ती तिच्या पाठोपाठ आलेल्या घाईने. झाडे मरणारच आहेत, तर ती उभी वाळण्यापूर्वी तोडून पैसा करावा, हा विचार जमीनमालकांच्या मनात बळावला, आणि रोगट झाडांबरोबर कोट्यवधी निरोगी झाडेही कुऱ्हाडीखाली गेली. त्या असंख्य वृक्षांत प्रतिकाराचा अंश असलेले काही थोडे वृक्ष असतीलच, असे आनुवंशिकतेचा कोणीही अभ्यासक म्हणेल; पण ते उघड होण्याला जी दहा-वीस वर्षे लागली असती, ती त्यांना मिळाली नाहीत. १९५० पर्यंत सुमारे साडेतीन ते चार अब्ज चेस्टनट वृक्ष नाहीसे झाले, असा अंदाज करतात.

कवक आले कोठून, याचा छडा १९१३ मध्ये लागला. अमेरिकेच्या कृषिखात्याचा फिरता वनस्पतिशोधक फ्रँक मेयर तेव्हा चीनमध्ये पायी हिंडत होता. त्याला रोगाचे नमुने धाडून तपास करण्यास सांगण्यात आले, आणि पेकिंगच्या ईशान्येकडील मुलखात तसेच व्रण असलेले चिनी चेस्टनट त्याला सापडले. त्याने सालीचा एक तुकडा टपालाने पाठविला. वॉशिंग्टनच्या प्रयोगशाळेत त्यातून वाढविलेले कवक तेच निघाले. मेयरच्या निरीक्षणातील मर्म असे की ती चिनी झाडे व्रण अंगावर बाळगूनही जिवंत होती. १९१५ मध्ये त्याने जपानातही हाच रोग शोधून काढला, आणि मग उलगडा झाला की १८७६ पासून शोभेसाठी व मोठ्या फळांसाठी अमेरिकेत आणवीत असलेल्या जपानी चेस्टनटच्या रोपांबरोबर हा अनाहूत पाहुणा आला असावा. अशा आयातीवर बंधन घालणारा कायदा अमेरिकेत १९१२ साली झाला. हिंदुस्थानातही विनाशक कीटक व उपद्रव यांविषयीचा अधिनियम १९१४ साली जारी झाला आहे. मेयर स्वतः १९१८ मध्ये यांगत्से नदीत बुडून मरण पावला.

आता या कथेचा दुसरा अंक, जो मला पहिल्याहून अधिक विलक्षण वाटतो. १९३८ मध्ये इटलीत जिनोआजवळ हे कवक आढळले, आणि चेस्टनटच्या पिठावर ज्यांचे डोंगरी संसार शतकानुशतके चालत आले होते त्या खेड्यांत हाहाकार उडाला. सर्वांनी अमेरिकेतल्या गोष्टीची पुनरावृत्ती गृहीत धरली. पण १९५० च्या सुमारास अंतोनिओ बिरागी या इटालियन शास्त्रज्ञाला जिनोआजवळच्याच एका रोगट रानात असे व्रण दिसले की ज्यांची कड वृक्षाने रोखून धरली होती. साल वरवर फुगली व तडकली होती, पण खालचा ऊतककर जिवंत होता. पुढे फ्रान्समधील झाँ ग्राँत याने अशा व्रणांतून कवक काढले, तेव्हा ते नेहमीच्या नारिंगी रंगाचे न निघता पांढुरके व दुबळे निघाले. आणि नवल म्हणजे ते नारिंगी कवकाच्या शेजारी वाढविले असता त्या नारिंगी कवकालाही पांढरे व दुबळे करून सोडी. कवक स्वतःच आजारी पडले होते, आणि तो आजार संसर्गजन्य होता.

आजाराचे कारण १९७७ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या कृषिप्रयोगशाळेत हाती लागले. दुबळ्या कवकात दुहेरी धाग्याचे आरएनए सापडले. तो एक विषाणू होता. १९९२ मध्ये चोई आणि नस या दोघा संशोधकांनी त्या विषाणूच्या आनुवंशिक द्रव्याची प्रत प्रयोगशाळेत बनवून ती निरोगी कवकात घातली आणि त्याला दुबळे केले, तेव्हा शंकेस जागा उरली नाही. या विषाणूला स्वतःचे कवच नाही. मोकळ्या हवेत त्याला अस्तित्व नाही. तो चिकट बीजुकांतून काही प्रमाणात वाहून नेला जातो, वाऱ्यावरच्या बीजुकांतून मुळीच नाही. आणि एका कवकातून दुसऱ्यात जावयाचे तर दोघांचे तंतू एकमेकांस मिळून त्यांतील रस एकत्र झाला पाहिजे. हे मीलन ज्याच्या त्याच्याशी होत नाही. कवकांतही आपल्याकडच्या सोयरिकीसारखे गोत्रप्रवराचे कडक नियम आहेत, फक्त उलटे: सहा जनुकस्थानांच्या जोड्या जुळल्या तरच तंतू मिळतात, एखादी जोडी भिन्न असली तर मिळालेल्या पेशी मरून जातात आणि विषाणू उंबरठ्यावरच अडतो. या सहा जोड्यांतून चौसष्ट गट संभवतात. युरोपच्या पुष्कळ भागांत यांपैकी मोजकेच गट पसरलेले असल्याने विषाणू रानोरान फैलावला, आणि फ्रान्समधील बागांतून तर व्रणाच्या कडेने छिद्रे पाडून त्यांत पांढऱ्या कवकाचा लेप भरण्याची रीतसर व्यवस्था झाली. कवक मेले नाही. त्याची गती मंदावली, एवढेच, आणि तेवढ्याने वृक्षाला तट पुरा करावयास सवड मिळाली.

अमेरिकेत हाच प्रयोग सत्तरीच्या दशकात ग्राँतकडून पांढरे कवक मागवून करण्यात आला. ज्या व्रणात ते भरले तो व्रण अनेकदा आटोक्यात आला, पण शेजारच्या झाडावरील व्रणापर्यंत विषाणू पोहोचेना. कारण तेथील कवकांत गटांची विविधता फार मोठी. मिशिगनमधील काही रानांत मात्र एका निराळ्या विषाणूमुळे व्रण आपोआप बरे झालेले आढळतात.

म्हणून तेथील शास्त्रज्ञ कवकाकडून वृक्षाकडे वळले. मक्याच्या आनुवंशिकतेत आयुष्य घालविलेले चार्ल्स बर्नहॅम यांनी असे सुचविले की चिनी वृक्षाशी अमेरिकन वृक्षाचा संकर करावा आणि मग प्रत्येक पिढीत अमेरिकन वृक्षाशीच पुनःपुन्हा संकर करीत जावे, म्हणजे प्रतिकार तेवढा चिनी आणि बाकी सर्व अमेरिकन असा वृक्ष हाती येईल. या विचाराने १९८३ मध्ये अमेरिकन चेस्टनट फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. बर्नहॅम यांचा भरवसा असा की प्रतिकार दोन-तीन जनुकांवर अवलंबून असावा. अनेक पिढ्यांच्या रोपांचे जनुकीय विश्लेषण झाल्यावर तो अनेक जनुकांवर विखुरलेला निघाला, आणि वृक्ष जितका अमेरिकन होत जाई तितका प्रतिकार उणा होत जाई. दुसरीकडे सिरॅक्यूज येथील वनविद्यापीठात विल्यम पॉवेल व चार्ल्स मेनर्ड यांनी गव्हातील एक जनुक चेस्टनटमध्ये घातले. ते ऑक्झॅलिक आम्लाचे विघटन करणारे वितंचक निर्माण करते. कवक तेथेच राहते, फक्त त्याचे हत्यार बोथट होते. ही कल्पना मला सर्वांत देखणी वाटते. परंतु डिसेंबर २०२३ मध्ये फाउंडेशनने या वाणाचा पाठिंबा काढून घेतला, कारण शेतातील रोपांची कामगिरी असमान निघाली, आणि शिवाय वर्षानुवर्षे एका क्रमांकाचा म्हणून वाढविलेला वाण वस्तुतः दुसऱ्याच क्रमांकाचा असल्याचे उघडकीस आले. त्या दुसऱ्या वाणात घातलेले जनुक वृक्षाच्या स्वतःच्या एका जनुकाची मोडतोड करून बसले होते. विद्यापीठाने मात्र आपला प्रयत्न सोडला नाही.

या सर्व खटाटोपाला अवकाश मिळाला तो एका गोष्टीमुळे. मातीतील सूक्ष्मजीवांपुढे या कवकाचे काही चालत नाही, म्हणून ते मुळांपर्यंत उतरू शकत नाही. आणि ॲपलेशियन रानांत शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या वृक्षांच्या मुळांतून आजही कोट्यवधी फुटवे निघत असतात. पंधरा-वीस फूट वाढले की साल तडकते, व्रण धरतो, फुटवा मरतो, आणि बुडातून दुसरा निघतो. यांतील फार थोडे फुलतात, आणि संकरासाठी तर पराग हवाच. अशा एखाद्या फुटव्यावर व्रण दिसला, म्हणजे वृक्षप्रेमी लोक त्याच झाडाच्या बुडातली माती ओली करून व्रणावर थापतात आणि वर प्लास्टिकचा तुकडा घट्ट बांधून दोन-तीन महिने ठेवतात. माती सुटते तेव्हा व्रणाच्या कडेने नवी वळी धरलेली असते. उपाय खात्रीचा आहे, फक्त हात पोहोचेल तेवढ्याच उंचीपर्यंत; तेव्हा शिडी घेऊन चढता येईल तेथवर लेप करीत राहावयाचे आणि फुटव्याला मोहोर येईपर्यंत मुदत मिळवून द्यावयाची, असा तेथील शिरस्ता आहे.